मोटारीचा जॅक आणि आपली काळी जमीन

शेतकीस वाहिलेल्या या मासिकांत मोटारीचें चाक बदलण्याविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील बागाईतदारांच्या दारांत आज काय उभें असतें, इकडे क्षणभर पाहावें. ज्या ओसरीपुढें पूर्वीं छकडा सोडलेला असे, तेथें आतां ट्रॅक्टर, त्याच्या दोन ट्रॉल्या, एखादी मोटारसायकल व पुष्कळ ठिकाणीं लहान चारचाकी मोटारहि असते. बैलाच्या खुरांत कांटा मोडला तर काय करावें हें आपल्या घरांतील दहा वर्षांच्या मुलास ठाऊक असतें. मोटारीच्या चाकांत खिळा शिरला तर काय करावें हें मात्र घरांतील कर्त्या पुरुषासहि नीट ठाऊक नसतें. आणि ठाऊक नाहीं असें तो कबूलहि करीत नाहीं. आम्ही त्यांपैकींच एक. महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी करून आम्ही सेवानिवृत्त झालों. त्या नोकरींत अतिवृष्टीचे, जळिताचे, वाहून गेलेल्या तालींचे पंचनामे आम्हीं किती लिहिले याची गणती नाहीं. स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानीचा पंचनामा लिहिण्याचा प्रसंग मात्र गेल्या श्रावणांत प्रथमच आला. तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटार आमची नव्हती, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. पुढील बहुतेक खेद त्यांतूनच उपजला. आमचे जांवई पुण्यास नोकरीस असतात. त्यांस कामानिमित्त महिनाभर परप्रांतीं जावें लागलें, तेव्हां मोटार आमच्या अंगणांत उभी करून ते गेले. "मामा, नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते. आठवड्यांतून एकदां तरी फिरवा," एवढें ते जातांना म्हणाले. या एका वाक्याचा आधार घेऊन आम्हीं ती इंदापुरापर्यंत नेण्याचें ठरविलें. तेथें एका आप्तांच्या घरीं सत्यनारायण होता. हांकणारा आमचा पुतण्या, वय बाविसाच्या आंतबाहेर. मागच्या बाकावर आमच्या कुटुंबाशेजारीं आमची थोरली बहीण बसली होती. आक्काचें वय सत्तरीपुढें गेलें आहे व तिचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत.

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णें, निमगांव केतकी या गांवांवरून इंदापुरास जाणारा हा रस्ता वाचकांच्या पायांखालचा आहे. तुकोबारायांची पालखी याच वाटेनें पंढरीस जाते. काटेवाडीस मेंढ्यांचें व बेलवाडीस अश्वांचें रिंगण होतें. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचें पाणी या अंगास फिरूं लागलें, तेव्हांपासून दुतर्फा बागाईत वाढत गेली व आज रस्त्यावरून पाहणारास उसावांचून दुसरें पीक क्वचितच दिसतें. या पालखीमार्गाच्या रुंदीकरणाचें भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्यें झालें. कोणताहि रस्ता रुंद झाला कीं त्याच्या कडेस नव्या भरावाची एक पट्टी येते. वरून ती सपाट व विश्वासू दिसते; परंतु ती रस्त्याच्या कडेस आधार म्हणून घातलेली असते, तिच्यावर मोटार उचलावी म्हणून नव्हे. त्यांतून बाजूच्या शेताची काळी माती पावसानें तिच्यावर वाहून आली असेल तर मग विचारूंच नये.

सणसर मागें टाकून आम्ही बेलवाडीच्या रोखानें चाललों असतां गाडीचा मागचा भाग डुलूं लागला व खालून फडफड असा आवाज येऊं लागला. पुतण्या म्हणाला, "काका, मागचें डावें चाक बसलें. थोडें पुढें फरशी केलेली जागा आहे. तेथवर पायींच्या चालीनें नेऊं का?" आमच्या मनांत त्या वेळीं एकच भीति होती, कीं रित्या चाकावर गाडी चालविली तर टायर फाटेल. जांवयांचा टायर, चार-पांच हजारांची वस्तु! आम्हीं फर्मावलें, "एक हातहि पुढें नको. येथेंच कडेला घे." त्यानें निमूटपणें गाडी भरावावर उतरविली. पोराचें म्हणणें बरोबर होतें व आमचें चूक होतें, हा या पंचनाम्यांतील पहिला मुद्दा होय. टायर जाईल तर नवा मिळतो. पुढें जें गेलें असतें तें बाजारांत मिळत नाहीं.

आदल्या रात्रीं पाऊस झाला होता व सकाळीं कडक ऊन पडलें होतें. अशा वेळीं काळ्या मातीवर काय होतें हें वाचकांस आम्ही सांगावयास नको. वर पापुद्रा वाळून पांढुरका होतो व त्याखालीं चार बोटांवर लोणी असतें. नांगर घेऊन कोणी त्या रानांत शिरला असता तर आम्हींच त्यास वेड्यांत काढलें असतें कीं, "वापसा कुठें आहे?" परंतु तीच माती रस्त्याच्या कडेस आली कीं ती आपणांस माती वाटत नाहीं, रस्ता वाटते.

आम्ही खालीं उतरलों. चाकांत बैलाच्या पत्रीचा खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. आक्का आंतून म्हणाली, "मी उतरूं का रे?" बाहेर चिखल, तिचे गुडघे तसे. आम्हीं म्हटलें, "बस तूं, पांच मिनिटांचें काम आहे." हा दुसरा मुद्दा.

पुतण्यानें डिकींतून जॅक व पाना काढला. लहान मोटारींबरोबर येणारा हा जॅक बहुधा कात्रीच्या जातीचा असतो: चार पट्ट्यांची चौकट व मधून आडवा स्क्रू; स्क्रू फिरविला कीं चौकट आवळत जाऊन उंच होते. त्याचा तळ तळहाताएवढाच असतो. "काका, कोठें लावूं?" असें त्यानें विचारलें. आम्हांस ठाऊक नव्हतें. परंतु काका म्हणविणाऱ्या माणसास ठाऊक नाहीं असें म्हणवत नाहीं. जेथें वांकून हात सहज पोंचत होता ती दाराखालची मधली जागा दाखवून आम्हीं म्हटलें, "येथें." हा तिसरा मुद्दा.

पहिल्यानें जॅक उंच होण्याऐवजीं जमिनींत जाऊं लागला. पुतण्या पाना फिरवीत होता व गाडी होती तेथेंच होती. तेव्हां आम्हींच शेजारच्या ढिगांतून एक चपटा दिसणारा धोंडा आणून दिला. तो खालीं घालून गाडी उचलली. नट आधीं सैल करावे लागतात हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. ते घट्ट बसलेले, म्हणून पुतण्यानें पान्यावर पाय देऊन झटके मारले. प्रत्येक झटक्यासरशी गाडी हलूं लागली. "अरे, गाडी डुलतेय!" असें आक्का दोनदां म्हणाली. आम्हीं हूं म्हटलें. अखेर चाक निघालें. त्यानें तें बांधास टेकून ठेविलें, ब्रेकच्या ड्रमवरील चिखल हातानें पुसला व स्टेपनी आणण्यासाठीं तो वळला. तो वळला आणि धोंडा कलला. जॅक आडवा झाला व गाडी त्यावरून घसरून खालीं बसली. आवाज फार मोठा झाला नाहीं. पोतें पडावें तसा झाला.

आक्काचें डोकें खिडकीच्या कडेवर आपटलें. परंतु तिनें पहिला शब्द उच्चारला तो स्वतःविषयीं नव्हता. ती ओरडली, "पोराचा हात बघ आधीं!" आम्हीं पुतण्याचा उजवा हात आमच्या दोन्ही हातांत धरला व लहान मुलाचीं मोजावीं तशीं त्याचीं बोटें मोजलीं. तीं पांचहि जागच्या जागीं होतीं. तो ड्रमवरून हात काढून वळल्यास तीन-चार सेकंद झालीं असतील, अधिक नव्हेत. त्या मुलाची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, घरीं होती. तिला आपण काय तोंड दाखविलें असतें, हा विचार आम्हांस त्या जागीं सुचला नाहीं. तो रात्रीं अंथरुणावर सुचला व त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

शेजारच्या उसांतून एक गृहस्थ बाहेर आले. आमच्याच वयाचे असावेत. त्यांनीं गाडीकडे पाहण्यापूर्वीं आक्काचा हात धरून तिला खालीं उतरविलें व बांधावर घोंगडी घालून बसविलें. नंतर वांकून पाहिलें व एवढेंच विचारलें, "पावणं, जॅकाखालीं फळी कुठं हाय?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ते वस्तीवर जाऊन ट्रॅक्टरचा बाटली जॅक, खुरपें व बाभळीच्या फळीचा दीड-दोन इंच जाड तुकडा घेऊन आले. खुरप्यानें त्यांनीं वरची ओली माती उकरली. खालीं कठीण मुरूम लागला तेव्हां ते थांबले, त्यावर फळी बसविली, फळीवर जॅक, आणि जॅकाच्या डोक्यावर लाकडाचा लहान तुकडा देऊन तो चाकाजवळच्या नेमक्या जागीं लावला. उजवीकडच्या पुढच्या चाकास पुढून-मागून दोन विटा लावल्या. काढलेलें चाक गाडीखालीं आडवें सारलें. पाव तासांत स्टेपनी चढली. पैशाचें नांव काढतांच ते रागावले. चहा त्यांनींच पाजला.

आतां या प्रकाराचा हिशेब मांडूं. आमच्या भागांतील काळी जमीन ही दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली आहे. तो पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा थंड झालेला ज्वालारस होय. त्या मातींतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात व वाळले कीं आकसतात. उन्हाळ्यांत जमिनीस भेगा पडतात व पावसांत तीच माती पायास चिकटून दुप्पट जड होते, हें त्याचमुळें. कोरडी असतां ती पुष्कळ भार सोसते. ओली असतां तिच्यावर भार ठेविला तर ती बाजूस सरकते. मोटारीचें चाक तिच्यावर कसेंबसें निभतें, परंतु जॅक निभत नाहीं, याचें कारण गणितांत आहे.

लहान मोटारीचें वजन सुमारें ९०० ते १,००० किलो असतें. आंत माणूस व सामान धरून एक कोपरा उचलतांना जॅकावर ३०० किलोंच्या आसपास भार येतो असें समजूं. जॅकाचा तळ १० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर पावणेचार किलो भार झाला. टायरांत आपण जी हवा भरतों तिचा दाब याच मापानें सव्वादोन किलोच्या आसपास असतो व टायर जमिनीस साधारण तितक्याच जोरानें दाबतो. जेथें चाकहि रुततें तेथें त्याच्या दीडपटीहून अधिक जोरानें दाबणारा जॅक रुतेल यांत नवल काय? आतां त्याच जॅकाखालीं ३० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद फळी घालावी. ९०० चौरस सेंटिमीटरांवर ३०० किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरास किलोचा तिसरा हिस्सा. उभ्या माणसाच्या पावलाखालीं येणाऱ्या भारापेक्षां तो फारसा अधिक नाहीं. फळी मात्र जाड हवी. खोक्याची पातळ फळी मधोमध वांकते व भार पुनः तेवढ्याच जागेवर येतो. धोंडा व वीट जॅकाखालीं कधींच घालूं नये. धोंड्याचें पोट आपणांस दिसत नाहीं, आणि वीट फुटते ती पूर्वसूचना न देतां.

मापें घेण्यास वेळ नसेल त्यांनीं एक सोपी परीक्षा करावी. जेथें जॅक ठेवावयाचा तेथें जोडा काढून एका टांचेवर सर्व भार देऊन उभें राहावें. माणसाच्या टांचेखालीं जवळजवळ जॅकाच्या तळाइतकाच जोर पडतो. टांचेचा खळगा उमटला तर ती जागा सोडावी.

हें जमिनीचें झालें. गाडीच्या बाजूचीहि एक गोष्ट आहे. दाराखालीं जी पत्र्याची लांब कड असते ती सगळी सारख्या बळाची नसते. पुढच्या चाकाच्या मागें व मागच्या चाकाच्या पुढें अशा प्रत्येक बाजूस दोन जागा जॅकासाठीं मुद्दाम बळकट केलेल्या असतात. बहुतेक गाड्यांत तेथें कडेस दोन लहान खांचा किंवा खूण असते. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकांत त्यांचें चित्र असतें. तें पुस्तक आमच्या जांवयांच्या गाडींत हातापुढच्या कप्प्यांत मेणकागदासकट पडलें होतें. इतर जागीं तीच कड आंतून पोकळ असते. गाडीचें सगळें वजन तेथें टेकलें कीं ती उसाच्या पोकळ पेरासारखी चेपते. आम्हीं दाखविलेली जागा नेमकी तसली होती.

चाक बदलण्याची रीत आतां थोडक्यांत सांगतों, कारण ती ऐकून ठेवण्यापेक्षां घरच्या अंगणांत एकदां करून पाहण्यासारखी आहे. कठीण व सपाट जागा मिळेपर्यंत गाडी हळूहळू न्यावी. सर्वांनीं उतरून रस्त्यापासून दूर, शेताच्या अंगास उभें राहावें. हातब्रेक ओढावा व गाडी गिअरमध्यें ठेवावी. दोन्ही करावें, एकावर विसंबूं नये. लहान मोटारींत इंजिनाचा जोर बहुधा पुढच्या चाकांस असतो व हातब्रेक मागच्या चाकांस. पुढचें एक चाक उचललें कीं तें अधांतरीं मोकळें फिरूं शकतें व मग गिअर गाडी अडवीत नाहीं. मागचें उचललें तर हातब्रेकाचें अर्धें बळ गेलें. म्हणून कोनाच्या पलीकडच्या चाकास, म्हणजे डावें मागचें बदलावयाचें तर उजव्या पुढच्यास, दोन्ही अंगांनीं अडण लावावी. नट गाडी जमिनीवर असतांनाच अर्धा फेरा सैल करावे. चाक निघालें कीं तें किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखालीं आडवी सारावी. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर बसते, माणसावर नव्हे. नवें चाक बसवून नट हातानें लावावे, गाडी खालीं घ्यावी व मग समोरासमोरचे नट पाळीपाळीनें आवळावे. जॅकावर उभ्या असलेल्या गाडीखालीं अंग घालूं नये, कोणतीहि वस्तु पडली असली तरी.

आजकाल पुष्कळ टायरांत ट्यूब नसते. त्यांत खिळा शिरला तर हवा एकदम जात नाहीं. तेव्हां खिळा उपटूं नये, गाडीच्याच विजेवर चालणाऱ्या लहान पंपानें हवा भरून पंक्चरवाल्याकडे जावें. तो पंप जवळ असता तर हा लेख लिहावा लागला नसता. कित्येक नव्या गाड्यांची स्टेपनी इतर चाकांहून लहान असते; ती चढवून ताशीं ऐंशी किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये, असें बहुधा तिच्यावरच लिहिलेलें असतें.

ओघानें आलें म्हणून सांगतों, 'स्टेपनी' हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडीं इतका बसला आहे कीं तो मराठीच वाटावा. तो मूळ एका रस्त्याच्या नांवाचा आहे. पूर्वीं मोटारींस जादा चाकच नसे. पंक्चर झालें कीं वाटेंतच टायर उसवून ट्यूब सांधावी लागे. १९०४ च्या सुमारास वेल्स प्रांतांतील लानेथ्ली गांवीं डेव्हिस नांवाच्या भावांनीं बसलेल्या चाकावर बाहेरून अडकविण्याचें जादा चाक बनविलें. त्यांचें दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतें. त्या देशांत हें नांव पुढें मागें पडलें. आपल्याकडे तें अजून गांवोगांव चालतें. मोटारीशीं या तालुक्यांचा संबंध अगदींच नवा आहे असेंहि नाहीं. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें त्याच वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईस प्रीमिअर ऑटोमोबाइल्स हा मोटारींचा कारखाना उभा केला.

परंतु मोटारीपेक्षां आपल्या वाचकांनीं ट्रॅक्टराची अधिक धास्ती बाळगावी. मोटार पडली तर पत्रा चेपतो. ट्रॅक्टर पडला तर माणूस राहत नाहीं. ट्रॅक्टराचा पुढचा आंस मधोमध एका खिळीवर झुलता असतो, म्हणूनच तो ढेकळांतून सरळ चालतो. पण हाच गुण उचलतांना दोष होतो. मागचें चाक उचलण्यासाठीं जॅक लावला कीं पुढील झुलता आंस ट्रॅक्टरास आडवा कलूं देतो. म्हणून आंस व सांगाडा यांच्या मध्यें दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी ठोकून तो आधीं पक्का करावा. मागच्या मोठ्या टायरांत वजनासाठीं पाणी भरलेलें असतें हें विसरून एकट्यानें तें चाक काढूं पाहणारे आहेत. तें अंगावर आलें तर दोघांच्यानेंहि हलत नाहीं. नांगर उचलण्याच्या हायड्रॉलिक हातांवर ट्रॅक्टर किंवा ट्रॉली तोलून खालीं जाण्याची संवय तर अत्यंत वाईट. तेल गळलें, कोणाचा हात दांड्यास लागला, कीं ते हात खालीं येतात. आणि उसानें भरलेली ट्रॉली बसली तर कारखान्याचा नंबर जाईल या घाईनें ती भरल्या अंगानें उचलूं नये. ऊस दुसऱ्या ट्रॉलींत घेण्यास चार मजूर व दोन तास लागतात. बैलगाडीचें चाक काढावयाचें असलें कीं आपले वडील आधीं जू सोडीत, ओझें उतरवीत व मग आंसाखालीं टेकू देत. तेवढा क्रम ट्रॉलीसहि पुरतो.

आमच्या पंचनाम्यांतील नुकसान असें. डाव्या बाजूच्या दारांखालची कड वीतभर लांबींत आंत चेपली. मागचें दार लावतांना खालीं घासूं लागलें. जॅकाचा स्क्रू वांकला. ब्रेकचा ड्रम ओल्या मातींत रुतल्यामुळें शाबूत राहिला. ज्या चिखलानें पाडलें त्यानेंच त्यास वांचविलें, असें म्हणावें लागेल. बारामतीस पत्र्याचें काम करणाऱ्या एका कारागिरास गाडी दाखविली. तो म्हणाला, नुसतें वरून लांबी भरून रंग दिला तर स्वस्तांत होईल, पण कडेचा जोड उघडा राहून आंत पाणी जाईल व दोन पावसाळ्यांत गंजेल. पत्रा ओढून सरळ करून, आंतून गंजरोधक देऊन मग रंग दिला पाहिजे. आम्हीं दुसरें पत्करलें. नव्या जॅकासह एकंदर ७,४०० रुपये पडले. गाडीचा पूर्ण विमा होता, त्यामुळें दावा करतां आला असता. परंतु दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यांत मिळणारी सूट पहिल्या वर्षीं २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, व एक दावा केला कीं ती सगळी जाते. जांवयांची सूट बरीच चढलेली होती. शिवाय प्रत्येक दाव्यांतून ठराविक वजावट होते ती निराळीच. दोन्ही आंकडे कागदावर मांडून पाहिले, तों तोलास तोल निघाले. लहान मोडतोड झाली कीं विम्याकडे धांवण्यापूर्वीं वाचकांनींहि हे दोन आंकडे मांडून पाहावे.

राहतां राहिला जांवयांस सांगण्याचा प्रश्न. आमच्या कुटुंबाचें मत पडलें, "दुरुस्त झाली ना? मग गप्प बसा. जांवयापुढें आपली शोभा कशाला?" एक दिवस तें आम्हांसहि पटलें होतें. परंतु दुसऱ्याच्या बांधाची वाहून गेलेली माती फुटाफुटानें मोजून लिहिणाऱ्या हातास स्वतःचा वीतभर चेपलेला पत्रा लपविणें जड जाऊं लागलें. अखेर आम्हीं एका फुलस्केप कागदावर रीतसर पंचनामा लिहिला. दिनांक, ठिकाण, जमिनीची स्थिति, उपस्थित इसम, आणि चुका कोणाच्या सांगण्यावरून झाल्या तें. पुतण्याचें नांव कोठेंहि दोषी म्हणून घातलें नाहीं, कारण तो दोषी नव्हता. पंच म्हणून आक्कानें सही केली. सही करतांना ती म्हणाली, "मी दोनदां सांगितलं होतं तेंहि लिही." तें लिहिलें.

जांवई परत आले तेव्हां तो कागद आम्हीं किल्ल्यांबरोबर त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं उभ्यानेंच वाचला, पुतण्यास हांक मारून त्याचा हात पाहिला व मग विचारलें, "आणि आक्कांना डोक्याला लागलं होतं, दाखवलंत का डॉक्टरांना?" दाखविलें होतें, टेंगळाखेरीज कांहीं नव्हतें. गाडीविषयीं ते त्या दिवशीं एक शब्दहि बोलले नाहींत. खर्चाची भरपाई त्यांनीं देऊं केली, ती आम्हीं घेतली नाहीं.

मागचें डावें दार अजूनहि लावतांना किंचित उचलून लावावें लागतें. डिकींत आतां बाभळीची एक फूट औरसचौरस फळी असते. ती आम्हीं सुताराकडून रंधा मारून घेतली आहे. तिच्यामुळें डिकींत पिशव्या नीट मावत नाहींत, अशी आमच्या मुलीची तक्रार आहे.